दहा नंबरची ओळ

जुना कॉम्प्युटर लांबून ओळखायचा असेल तर आधी त्याचा रंग बघावा. चाळीस वर्षं ऊन आणि धूळ खाल्लेल्या प्लॅस्टिकला एक पिवळट कळा येते, म्हाताऱ्या दातांसारखी. जबलपूरच्या गुरंदी बाजारात इस्त्र्या, मिक्सरची भांडी, पंख्यांची पाती आणि मुके झालेले टेलिफोन यांच्या ढिगात ती कळा मला चालत्या स्कूटरवरूनही दिसते. मग मी स्कूटर लावतो, दोन-तीन भलत्याच वस्तू उचलून पाहतो आणि शेवटी सहज हाताला लागल्यासारखं करून ते यंत्र उलटं करतो. खालच्या स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील तर कुणीतरी ते आधी उघडलेलं असतं, म्हणजे आतलं काही काढून घेतलेलं असण्याची भीती. खाचा धड असल्या की माझी छाती धडधडते. चेहरा होईल तितका मख्ख ठेवून मी विचारतो, "ये क्या है भैया, कैलकुलेटर?" पण कबाडीवाले आता मला पुरते ओळखून आहेत. मला पाहिलं की "आ गए कंप्यूटर वाले दादाजी" म्हणतात आणि माझा मख्ख चेहरा फुकट जातो.

मदन महलच्या आमच्या घरात मागच्या खोलीत अशी अकरा यंत्रं आहेत. सगळी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची, घरातल्या टीव्हीला जोडून चालवायची. कुणाला रबरी बटणं, कुणाला टाइपरायटरसारखी, एकाच्या अंगातच कॅसेटचा कप्पा. त्यांतली सात चालतात. बायको त्या खोलीला दवाखाना म्हणते. पुण्याहून मुलाचा फोन आला की तो "पप्पा का म्यूज़ियम कैसा है?" असं विचारतो, त्याला मराठी सगळं कळतं, पण बोलायचं झालं की जीभ हिंदीकडेच वळते. सिविल लाइंसच्या कचेरीत आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाला हा नाद कसा लागला, असं लोक विचारतात, तेव्हा मी लहानपणापासूनची आवड वगैरे काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. ते खरं नाही. मला एकच यंत्र हवं होतं. ते शोधता शोधता बाकीची दहा गोळा झाली.

आम्ही तेव्हा कांचघरला राहत होतो. दोन खोल्या, मागे न्हाणी, न्हाणीच्या भिंतीवर आईने लावलेला दोडक्याचा वेल. आमचं मूळ भंडाऱ्याकडचं. आजोबा रेल्वेच्या कामावर इकडे आले आणि इथलेच झाले. बाबा फॅक्टरीत फिटर होते. घरात आम्ही चौघं: आई, बाबा, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी मोठी ताई, सुजाता. सकाळी आधी बाबांची बुद्धवंदना व्हायची, मग स्टोव्हचा आवाज आणि मग फॅक्टरीचा भोंगा. घरात घड्याळ होतं, पण त्याला कुणी किंमत देत नसे. भोंग्यावर दूध तापायचं, भोंग्यावर आमची शाळा, भोंग्यावर आई पदर खोचून डबा भरायला बसायची. एका भोंग्यानंतर गल्लीतून सायकलींचा जो लोंढा जायचा त्याचा आवाज माझ्या कानात अजून आहे. शेकडो चेन, शेकडो मडगार्डं, आणि मधूनच कुणाची तरी खणखणती घंटी.

बाबांची पाळी दर आठवड्याला बदलायची. पहिली, दुसरी, रात्रपाळी आणि पुन्हा पहिली. आईचा त्यात नेहमी घोळ व्हायचा. कुणाकडे बारसं असलं, कुणी नागपूरहून यायचं असलं, की ती भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभी राहून बोटं मोजायची आणि शेवटी म्हणायची, "अरे, पंधरा तारखेले तुमची कोणती आहे जी?" बाबांनाही चटकन सांगता यायचं नाही. एकदा पहिली पाळी समजून तिने पहाटे उठून गोळाभात केला, वर मिरच्यांची फोडणी ओतली, डबा बांधला, आणि बाबा मात्र दुसऱ्या पाळीचे म्हणून घोरत पडलेले. ताई त्या दिवशी हसून हसून लोळली होती. तो डबा ताईने आणि मी शाळा-कॉलेजात वाटून खाल्ला.

तर अशा घरात मामाने कॉम्प्युटर आणला. मामा जहाजावर होता, दोन वर्षांतून एकदा यायचा आणि प्रत्येक वेळी काहीतरी अचाट घेऊन यायचा. या वेळी पेटीतून पाटीएवढं काळं यंत्र निघालं, रबराची राखाडी बटणं, आणि एका कोपऱ्यात रंगीत पट्टे. "भाच्यासाठी आणला," मामा म्हणाला, "हे पोट्ट्याच्या हातात द्या भाऊजी. पुढे हेच चालणार आहे." ताई तिथेच उभी होती. ती तेव्हा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, गणित घेऊन. मामाने तिच्यासाठी अत्तराची बाटली आणली होती. तिने ती घेतली आणि यंत्राबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक उचलून पाहायला लागली. बाबांनी मुलगा-मुलगी असं कधी केलं नाही, हे इथेच सांगून ठेवतो. शिकायचं तर दोघांनी, हा त्यांचा धर्मच होता. पुढे जे झालं त्याचा एक कणही मला त्यांच्या माथी मारता येत नाही.

आमच्या टीव्हीला ते यंत्र जोडलं जाईना. शेवटी टीव्ही दुरुस्त करणारे अस्लम भैया आले, त्यांनी टीव्हीचं पाठचं झाकण काढून एक वायर सरळ आतच जोडली आणि "गारंटी कुछ नहीं है, पर चलेगा" म्हणून चहा पिऊन गेले. चाललं. पडद्यावर एक काळा चौकोन लुकलुकायला लागला, आणि आई म्हणाली, "बस, एवढंच?" मलाही आठ दिवसांत तसंच वाटायला लागलं. मामाने खेळांच्या दोन कॅसेटी दिल्या होत्या, त्या वाजवून खेळ यंत्रात उतरवायचे, पण आमचा टेपरेकॉर्डर कधी घाईत तर कधी रेंगाळत चालायचा. त्यावरून यंत्राला काही म्हणजे काही कळायचं नाही. नुसती चिरचिर ऐकू यायची. मी बॅट-बॉलकडे वळलो. ताई मात्र शब्दकोश शेजारी ठेवून ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसली. कॉलेजातून आली की हातपाय धुवायची, पोळ्या लाटून घ्यायची आणि टीव्हीपुढे मांडी घालून बसायची. बटणांतलं एक तिच्या बोटांखाली फाटलं तेव्हा बाबांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बटणाच्या मापाने कापून सोल्युशनने चिकटवून दिला. बाकी बटणं राखाडी, ते एक काळं.

दोन-तीन महिन्यांनी एका संध्याकाळी तिने आम्हा सगळ्यांना बसवलं. "आई, कोणतीही तारीख सांग." आईने मावशीच्या मुलीच्या लग्नाची तारीख सांगितली. ताईने बटणं दाबली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत उमटलं: बाबा, दुसरी पाळी. आणि यंत्राच्या पोटातून भोंगा वाजला. बारीक, चिरका, पण अगदी आपल्या भोंग्यासारखा चढत जाणारा आणि मग रेंगाळत उतरणारा. बाबा पाठमोरे बसून दाढी करत होते, ते दचकून उठले आणि चप्पल शोधायला लागले. आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिने एकामागून एक तारखा विचारल्या, पुढच्या वर्षाच्या, त्याच्या पुढच्या वर्षाच्या, आणि प्रत्येक उत्तर कॅलेंडरवर मोजून पाहिलं. एकही चुकलं नाही.

अडचण एकच होती. यंत्र बंद केलं की आतलं सगळं पुसलं जायचं, आणि कॅसेटवर साठवावं तर टेपरेकॉर्डरची अशी रड. म्हणून ताईने सगळा प्रोग्रॅम चौकटीच्या वहीत लिहून काढला होता, एकशे दहा-वीस ओळींचा, आणि आईला तारीख विचारायची असली की तो पहिल्यापासून पुन्हा आत घालावा लागायचा. त्यात माझं काम वाचायचं. मी वही मांडीवर घेऊन ओळ वाचायचो, ताई वर न बघता बटणं दाबायची. त्या यंत्रात एक बटण दाबलं की अख्खा शब्द उमटायचा, त्यामुळे वाचण्याला एक लय यायची. सकाळी बाबांच्या वंदनेची, संध्याकाळी आमची. पहिली ओळ दहा नंबरची. नंबर दहा-दहाने वाढायचे, मध्ये काही घालायचं राहिलं तर जागा असावी म्हणून. मी वाचायचो: "दहा. रेम. सुजाता, कांचघर, जबलपूर." रेम म्हणजे आपल्यासाठीची टीप, त्या शब्दापुढे जे लिहाल ते यंत्र वाचतच नाही, सरळ पुढच्या ओळीवर जातं, असं पुस्तकात होतं. मी एकदा वैतागून म्हणालो, "ताई, मशीन वाचतच नाही तर रोज काहून टाकून राहिली?"

"मशीन नाही वाचत," ती म्हणाली, "माणसं वाचतात ना. चल, वीस वाच."

मी नववीत होतो तेव्हा होळीच्या आधी सिविल लाइंसमधल्या एका मोठ्या शाळेत शहरातल्या शाळांचं विज्ञान प्रदर्शन भरलं. आमच्या सरांना घरच्या कॉम्प्युटरची बातमी होतीच. "मिलिंद, तू तेच ठेव," ते म्हणाले. प्रदर्शन शाळांचं, ताई कॉलेजात, त्यामुळे टेबलामागे मीच उभा राहणार हे उघड होतं. ताईला त्याचं काही वाटलं नाही. चार दिवस तिने माझी तयारी करून घेतली, कुठल्या ओळीत काय होतं ते पुन्हा पुन्हा समजावलं. आदल्या दिवशी वही माझ्या दप्तरात ठेवताना म्हणाली, "कोणी विचारलं तर सांगशील, दोघांनी केलं." अर्धं तिने आपणहून दिलं होतं मला. एवढंच बोलायचं होतं: दोघांनी.

सकाळी अस्लम भैयांनी टीव्ही शाळेत पोचवला. ताई येऊन सगळा प्रोग्रॅम घालून देऊन कॉलेजला गेली. दुपारी डबा घेऊन परत येणार होती. बारा वाजेपर्यंत माझ्या टेबलापुढे ही गर्दी. पोरं आपापल्या वाढदिवसाच्या तारखा सांगायची आणि माझ्या बाबांची त्या दिवशीची पाळी ऐकून खूश व्हायची. भोंगा वाजला की सगळा हॉल मान वळवायचा. आणि परीक्षक शेजारच्या रांगेत आले असताना लाइट गेले. दहाच मिनिटांत परत आले, पण माझा पडदा कोरा.

मी वही उघडली. त्या दिवसापर्यंत मी कधी एकट्याने वाचलं आणि दाबलंही नव्हतं. एका हाताचं बोट वहीवर, दुसऱ्याचं बटणांवर. पहिलीच ओळ दहा नंबरची. वेळ कमी होता, ही गोष्ट खरी आहे. ती ओळ यंत्र वाचत नाही, हीही खरी. ही दोन्ही कारणं मी गेली चाळीस वर्षं पाठ करून ठेवली आहेत आणि दोन्ही कामाची नाहीत, कारण त्या क्षणी माझ्या मनात यांपैकी एकही नव्हतं. सकाळपासून लोक मला "बेटा, तुमने बनाया? शाबाश" म्हणत होते आणि ते मला गोड लागायला लागलं होतं. मी वीसपासून सुरुवात केली.

परीक्षकांत एक प्राध्यापक होते, इंजिनियरिंग कॉलेजातले, जाड भिंगांचा चष्मा, बुशशर्टाच्या खिशात चार पेनं. त्यांनी तारखा विचारल्या, भोंगा ऐकून हसले, मग म्हणाले, "लिस्ट दिखाओ बेटा." मी दाखवली. पडद्यावर ओळी उभ्या राहिल्या. ते वाकून वाचत राहिले, बराच वेळ. "बीस से क्यों शुरू किया? दस नहीं है?"

"ऐसे ही, सर."

"किसने बनाया?"

"मैंने, सर."

कधी कधी वाटतं, हिंदीत बोललो म्हणून ते इतकं सहज निघालं. मराठीत, घरच्या भाषेत, जीभ अडखळली असती. पण ही म्हाताऱ्याची पळवाट झाली. मान वर केली तर गर्दीच्या मागे ताई उभी, हातात डबा. ती माझ्याकडे बघत नव्हती. पडद्यावरच्या पहिल्या ओळीकडे बघत होती. तिच्याच मागोमाग बाबा आले, पहिली पाळी सुटल्यावर तसेच फॅक्टरीच्या कपड्यांत. प्राध्यापकांनी त्यांना नमस्कार केला आणि सांगितलं की हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मी आठवड्यातून तीन दिवस चार वाजता आमच्या कॉलेजच्या मशीनवर बसवीन, स्वतः शिकवीन, असं डोकं वाया जाता कामा नये. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू बनवलं?" मी मान डोलावली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला ग्रीसचा वास होता. ताईने डबा टेबलावर ठेवला, उघडून दिला आणि म्हणाली, "खाऊन घे, गार होईल." गोळाभात होता. मी सगळा खाल्ला.

संध्याकाळी बाबा खोव्याची जिलबी घेऊन आले. आईने सगळ्यांना वाटली आणि वाटता वाटता म्हणाली, "पण सुजाता पण बसायची ना याच्यासोबत? तिनं पण केलं असंल की." मी जिलबीकडे बघत राहिलो. ताई म्हणाली, "मी नुसती बटणं दाबत होती, आई."

कॉलेजातलं मशीन एका थंड खोलीत होतं, चपला बाहेर काढाव्या लागायच्या. प्राध्यापक काहीतरी करून आणायला सांगायचे आणि मी ते घरी आणून ताईपुढे टाकायचो. "ताई, हे कसं करतात?" ती पोळ्या बाजूला ठेवून वहीत करून द्यायची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी. आणि करून देताना ती विचारायची, "तिथलं मशीन किती मोठं आहे रे? पडदा वेगळा आहे का त्याचा? किती जण बसतात?" मी म्हणायचो, "असंच आहे, मोठं आहे." मला ते नीट सांगायचाही कंटाळा होता. आज कुणी मला विचारलं तर त्या खोलीचा कोपरा न् कोपरा सांगीन, पण विचारणारी आता विचारत नाही.

महिना-दीड महिना असं चाललं. मग एका दिवशी प्राध्यापकांनी फॅक्टरीत तीनऐवजी चार पाळ्या झाल्या तर तुझ्या प्रोग्रॅममध्ये काय बदलशील, ते इथेच बसून कर, असं सांगितलं आणि ते बाहेर गेले. अर्ध्या तासाने परत आले तेव्हा मी तसाच बसलेला होतो. ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटा, बुरा मत मानना. जिसने लिखा है, उसको भेज दो. कोई भी हो. मैं कुछ नहीं पूछूँगा."

उन्हं उतरली तरी उन्हाळ्याचे तापलेले वारे, लू, वाहतच होते. मी सायकलवरून निघालो तेव्हा घरी जाऊन सांगायचं असंच ठरवलं होतं. पण गल्लीच्या तोंडाशी बाबांच्या फॅक्टरीतले दोघं भेटले, "क्यों इंजीनियर साहब" म्हणाले. बाबांनी अख्ख्या पाळीला सांगून ठेवलं होतं. ताई जाणार म्हटल्यावर बाबांना ते सगळं परत घ्यावं लागलं असतं, आणि त्यांनी ते घेतलंही असतं, एका शब्दाने न बोलता, दुसऱ्याच दिवशी ताईला सायकलवर बसवून स्वतः पोचवलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. मला फक्त त्यांच्या तोंडाकडे बघवलं नसतं. घरात शिरलो तर ताई तव्यापाशी होती. "आज काय शिकवलं?" तिने विचारलं.

"सरांची बदली झाली," मी म्हणालो.

"अच्छा," ती म्हणाली आणि पोळी उलटली.

प्रदर्शनातलं खोटं पोराचं होतं, त्याला मी कधीमधी माफ करतो. हे दुसरं मी ठरवून, विचार करून बोललो. ताईने बीएस्सी पूर्ण केलं आणि बालाघाटच्या एका शाळामास्तरांशी तिचं लग्न झालं. भाऊजी सज्जन आहेत. ताईचं वाईट झालं असं मी म्हणणार नाही, ती म्हणूही देणार नाही. पण भाऊजींच्या शाळेचं वेळापत्रक दर जूनमध्ये ताई करायची, चौकटीच्या कागदावर, एवढे वर्ग, एवढे शिक्षक, कुणाचा तास कुणावर आदळायचा नाही. इतर शाळांचे लोक ते बघायला यायचे. खाली सही भाऊजींची. मी एकदा ते भिंतीवर पाहिलं आणि मला तिथे बसवेना.

ती सासरी गेली त्याच वर्षी मी ते यंत्र वर्गातल्या एका मुलाला एका बॅटच्या बदल्यात देऊन टाकलं. कुणाला विचारलं नाही. बॅट दोन वर्षांत फुटली. वही मात्र दिली नाही. पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवली आणि तीन घरं बदलली तरी ती पेटीबरोबर आली.

गेल्या हिवाळ्यात गुरंदीत एका गाड्यावर मला काळं यंत्र दिसलं. रंगावरून नाही, ते पिवळं पडणारं नव्हतंच. राखाडी बटणांत एक काळं बटण होतं, सायकलच्या ट्यूबचं. मी त्या दिवशी मख्ख चेहरा वगैरे काही केला नाही. तिथेच गाड्याच्या कडेला बसलो. कबाडीवाल्याने पाणी आणून दिलं आणि विचारलं, "दादाजी, तबियत ठीक है?"

दोन महिने लागले ते चालू करायला. ताई फाल्गुनात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली, आठवडाभर राहिली. पट्टी निघाल्यावर दुपारच्या चहानंतर मी तिला मागच्या खोलीत नेलं आणि यंत्रावरचा कपडा काढला. तिने काळ्या बटणावर अंगठा ठेवला. "माझ्या सायकलची जुनी ट्यूब होती ही," ती म्हणाली. मग मी तिच्यापुढे वही ठेवली. तिने पहिलं पान उघडलं आणि मी जे बोलायचं ते बोलून टाकलं, नाही तर पुन्हा राहिलं असतं.

"ताई, सरांची बदली नव्हती झाली."

"कोणत्या सरांची?"

"कॉलेजातल्या. त्यांनी सांगितलं होतं, ज्यानं लिहिलं त्याला पाठव, मी काही विचारणार नाही. मी तुला सांगितलं नाही."

स्वयंपाकघरात बायकोने कुकर लावला होता, त्याच्या दोन शिट्ट्या झाल्या. ताईने वहीवरची नजर काढली नाही.

"कधीची गोष्ट?"

"प्रदर्शनानंतर. दीड महिन्यानं असेल."

"म्हणजे उन्हाळ्यात."

"हो."

"माझी परीक्षा झाली होती तेव्हा," ती म्हणाली. "घरीच असायची मी. चार वाजता तर काहीच काम नसायचं." मग पुन्हा म्हणाली, "दहा नंबरचं मला त्याच दिवशी कळलं होतं, मिलू. त्याचं काही नाही, लहान होता तू. पण हे सांगायला पाहिजे होतं."

"चुकलो मी," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे, झालं ते झालं. आयुष्यभर मी तिच्या तोंडून तेवढंच ऐकायची तयारी करत आलो होतो. तिने ते म्हटलं नाही, आणि तिने म्हणावं असं मला कुठल्या तोंडाने वाटावं? गुडघ्यांवर हात टेकत ती खुर्चीवर बसली, यंत्र पुढे ओढलं, पडद्यावर काळा चौकोन लुकलुकायला लागला. वही तिने माझ्याकडे सरकवली.

"वाच."

मी चष्मा लावला. अक्षर अजून ठसठशीत होतं. "दहा," मी वाचलं, "रेम. सुजाता, कांचघर—"

तिची बोटं बटणांवर तशीच राहिली, एकही दाबलं नाही.

"वीसपासून वाच," ताई म्हणाली. "ती ओळ नसली तरी चालतं ते. तुला तर माहीत आहे."

मी मग बोट खालच्या ओळीवर नेलं आणि वीसपासून वाचायला लागलो.